पान एकतिसावरची पेन्सिल

६ मे

ताई,

वाकून नमस्कार करायला कंबर साथ देत नाही, तेव्हा हा उभ्याउभ्याच घे. परवा आठव्या मजल्यावर लिफ्टची मोटर सरकवताना उसण भरली.

फोन केला असता, पण तुझ्या कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी वाजवतं आणि तू "काय? काय?" करत ठेवून देतेस. शिवाय मला जे हवंय ते तू पार्सलनेच पाठवणार. मला पुस्तकं हवी आहेत. हसू नकोस. हो, मीच, तुझा सख्खा भाऊ, ज्याने शाळेत असताना तुझ्या शब्दकोशावर ठेवून खिळे सरळ केले होते.

झालं असं, की कंपनीने आम्हा सगळ्या लिफ्टवाल्या मेकॅनिकांना एक दिवस प्रशिक्षणाला बसवलं. ग्राहकांशी बोलावं कसं, हा विषय. शिकवणारा सुटाबुटातला, बोलताना टाचा उचलायचा. अर्धे जण जेवणानंतर पेंगले, पण मी नाही. तो म्हणाला, न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग नावाची एक विद्या आहे, थोडक्यात एनएलपी. समोरचा कसा बसतो, कुठले शब्द वापरतो, बोलताना त्याचे डोळे कुठे जातात हे बघायचं आणि त्याच्याशी त्याच्याच पद्धतीने बोलायचं. महिनोन्‌महिने गप्प बसलेला माणूससुद्धा सात मिनिटांत बोलता होतो, असं म्हणाला. मी हात वर करून विचारलं, घरातला माणूस असला तरी? तो म्हणाला, घरातला तर पाचच मिनिटांत.

तर हे शिकायला कुठली पुस्तकं वाचावीत, कुठल्या क्रमाने, ते सांग. तू आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलीस. मला हे बढतीसाठी लागणार आहे, सुपरवायझरची जागा निघते आहे.

तुझी भाची मुंगी बरी आहे. शाळा संपली, आता पुढचं बघायचं. मोठ्या कॉलेजात घालायची, टेबलखुर्चीचं काम करील असं शिकवायची. बाकी ती घरात असते म्हणजे असते. विचारलं काय चाललंय, की "काही नाही". जेवलीस का, "हो". असो.

तुझा
भाऊ

११ मे

उचापत्या,

बढतीसाठी म्हणे! दोनदा बढती आली ती तू "खुर्चीत बसून पाठ दुखते" म्हणून नाकारलीस, हे मला माहीत नाही की काय? तुझ्या पत्रात बढतीला एक ओळ आणि मुंगीला चार. कुणाला बोलतं करायचंय ते कळलं. मला खोटं सांगत जाऊ नकोस, तुला ते लहानपणापासून जमत नाही.

पण विचारलंस ते योग्य माणसाला. या विषयावर आमच्या वाचनालयाच्या कपाटात एक अख्खा खण आहे आणि तो कधी भरलेला राहत नाही. विकणारे नेतात, शिक्षक नेतात, लग्न ठरलेली पोरं नेतात. तीस वर्षांत माझं मत असं झालंय, की यातलं थोडं फार चांगलं आहे, बरंचसं आपल्याला आधीच ठाऊक असलेलं आहे, आणि काही साफ पोकळ आहे. कुठलं कुठलं ते कळायला क्रमानेच वाचावं लागतं.

सोबत पहिलं पाठवते, पातळ, हिरव्या पुठ्ठ्याचं. नवशिक्यासाठी. त्यात ऐकावं कसं हे चांगलं सांगितलंय आणि दर प्रकरणाला सराव आहे. सराव केल्याशिवाय पान उलटायचं नाही. दुसरं जाड आहे, ते हे परत आल्यावर. आणि तिसरं शंका घेणाऱ्यांचं, म्हणजे ज्यांनी या विद्येतले दावे तपासून पाहिले त्यांचं. ते जाड पुस्तकाच्या *आधी* वाचायचं, नंतर नाही.

पंधरा दिवसांत परत हवं. भाऊ असलास तरी नियम तोच. कंबर शेक.

ताई

२९ मे

ताई,

पकडलीस. बरं, मुंगीसाठीच. तिची आई जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून ही पोर माझ्याशी अखंड बडबडायची. मी भाजी चिरायला बसलो की समोर बसून प्रश्न. लिफ्टचा दोर तुटला तर? आत हत्ती बसला तर? सहा वर्षांची होती तेव्हा लिफ्टला नवव्या मजल्यावर पोचायला किती वेळ लागेल, असं गणित मला घातलं होतं. आणि आता जानेवारीपासून तोंडाला कुलूप. कशामुळे ते मला खरंच कळत नाही. मी ओरडलो नाही, मारलं तर कधीच नाही. उलट तेव्हा किती मजेत होतो आम्ही! ती डबा द्यायला वर्कशॉपमध्ये आली होती, तिथे सगळ्यांसमोर छाती काढून म्हणाली, मीपण लिफ्टचं काम शिकणार. काय हसलो आम्ही सगळे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अशी बोलकी पोर होती बघ.

तर पुस्तक. सगळं वाचलं, सरावही केला, थोडा थोडा. त्यात लिहिलंय, समोरचा जसा बसतो तसं आपण बसावं, म्हणजे त्याला आपण जवळचे वाटतो. मुंगी सोफ्यावर एक पाय खाली घेऊन बसली होती. मीही घेतला. तिने मान खाजवली, मीही खाजवली. तिने पाय वर घेऊन हनुवटी गुडघ्यावर टेकवली. मीही. आणि तिथेच कमरेत पुन्हा उसण भरली आणि मी तसाच अडकलो. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला बरं नाही का?" ताई, पाच शब्द! सलग!

मग ते दुसरं. माणूस खुशीत असताना त्याच्या अंगाला एका ठरावीक जागी हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे पुढे तिथेच स्पर्श केला की खुशी परत येते. ती टीव्ही बघून हसत होती तेव्हा मी कोपराला हात लावला. संध्याकाळी गप्प बसली होती तेव्हा पुन्हा लावला. काही होईना, म्हणून जरा जोरात दाबलं. म्हणाली, "बाबा, ते माझं कोपर आहे, लिफ्टचं बटण नाही." आणि उठून खोलीत गेली. पण शब्द मोज, आठ झाले.

पुस्तक फ्रिजवर ठेवायचो, कामावरून आलो की दोन दोन पानं. मुदत संपली म्हणून काल घाईत बांधलं. जाड पुस्तक लगेच पाठव. त्यात म्हणे डोळ्यांचा नकाशा आहे.

भाऊ

४ जून

उचापत्या,

आधी भांडण. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीने लिहितात का? आणि तेही चांगलं पंधरावीस पानांवर, समास भरभरून! शाईने लिहिलं नाहीस एवढेच उपकार. परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी पानपान तपासते हे तुला माहीत असून? काल सबंध दुपार रबर घेऊन बसले, बोटं दुखली.

काय लिहिलं होतंस ते मला विचारू नकोस, मी वाचलेलं नाही. माणूस पुस्तकाशी एकांतात काय बोलतो ते ग्रंथपालाने वाचू नये, हे मला माझ्या पहिल्या ग्रंथपाल बाईंनी शिकवलं. म्हणून मी पुसताना चष्मा काढून ठेवते. मला फक्त राखाडी रेघा दिसतात, आणि रेघा असल्या की पुसायच्या.

आता तुझे सराव. वाचून मी टेबलावर डोकं ठेवून हसले, आमची शिपाई पाणी घेऊन आली. पण हसू ओसरल्यावर वाईट वाटलं रे. तू शब्द मोजतोयस. तिने विचारलं, तुम्हाला बरं नाही का. त्यावर तू काय उत्तर दिलंस, ते पत्रात कुठेच नाही.

जाड पुस्तक आणि शंकांचं पुस्तक, दोन्ही एकत्र पाठवते, कारण तू ऐकणार नाहीस. डोळ्यांच्या नकाशाच्या पानात मी कागदाची पट्टी घातली आहे. त्या पुस्तकात म्हटलंय, डोळे एका बाजूला वर गेले तर माणूस आठवतोय, दुसऱ्या बाजूला गेले तर बनवतोय. लोकांनी हे बसून तपासलं. खोटं बोलणाऱ्यांचे डोळे आणि खरं बोलणाऱ्यांचे डोळे, फरक सापडला नाही. ते सगळं शंकांच्या पुस्तकात दुसऱ्या प्रकरणात आहे. *आधी ते वाच.* पट्टीवरही हेच लिहिलंय, ठळक अक्षरांत.

ताई

२० जून

ताई,

दोन्ही पुस्तकं परत पाठवतो आहे. मला नको आता काही.

मुंगी घर सोडून गेली. घाबरू नकोस, मैत्रिणीकडे आहे, दोन गल्ल्या पलीकडे. मैत्रिणीच्या आईने फोन करून सांगितलं, मुलगी सुखरूप आहे, जेवते आहे, आणि तुमच्याशी बोलायचं नाही म्हणते आहे.

महिनाभर रोज दुपारी बाहेर जायची. चौदा तारखेला मी विचारलं, कुठे असतेस? म्हणाली, मैत्रिणीकडे गणितं करायला. सुट्टीत कसली गणितं, ताई? शाळा संपलेली! आणि म्हणताना तिचे डोळे वर गेले, नेमके त्या बाजूला. मी पुस्तक काढून पानच तिच्यापुढे धरलं. म्हटलं, हे बघ, तू खोटं बोलतेस हे इथे छापलंय.

तिने पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पिशवी भरली. काल मी मैत्रिणीच्या आईला विचारलं. त्या म्हणाल्या, "हो, रोज तीन तास दोघी गणितंच सोडवत असतात, मी चहा देऊन देऊन थकले."

तुझी पट्टी मी पाहिली होती. शंकांचं पुस्तक उघडलं नाही. आपल्याला जे हवंय ते पहिल्या पुस्तकात मिळालं तर दुसरं कोण उघडतो?

आणि पेन्सिलीबद्दल उगाच बोललीस मला. माझ्याकडे पेन्सिल नाही. मी खडू वापरतो, ते तुला माहीत आहे. आधीच्या कुठल्या वाचकाने लिहिलं असेल.

ती परत आली नाही तर काय करू?

भाऊ

२४ जून

माझ्या भावा,

आज नाव ठेवत नाही. आज मलाच नावं ठेवून घ्यायची आहेत.

पार्सल उघडलं, सवयीने चष्मा काढला, पानं चाळायला घेतली. जाड पुस्तक कोरं. शंकांच्या पुस्तकात राखाडी रेघा. तू ते उघडलं नाहीस म्हणतोस आणि आत समास भरलेले. तरी मी रबर उचललंच, इतका हात सरावलेला. पण एका पानावर रेघा नव्हत्या, चित्र होतं. चष्म्याशिवायही दिसलं. लिफ्ट, वर चाक, चाकावरून गेलेला दोर, पलीकडे वजनाचा ठोकळा. शेजारी बाण काढून प्रत्येक भागाचं नाव लिहिलेलं. अशी लिफ्ट या जगात दोनच माणसं काढतील, आणि दुसऱ्याकडे पेन्सिल नसते.

मी चष्मा लावला. तीस वर्षांत पहिल्यांदा वाचलं. मुंगीचं अक्षर आहे.

आता नीट ऐक. शंकांच्या पुस्तकात तिने काय लिहिलंय ते मी तुला सांगणार नाही. पहिल्याच पानावर लिहिलंय की बाबा हे पुस्तक कधी उघडणार नाहीत म्हणून इथे लिहिते. म्हणजे ते तुझ्यासाठी नाही, आणि माझ्यासाठीही नाही. मी तीन पानं वाचून पुस्तक मिटलं. पण त्या तीन पानांतलं एक वाक्य तुझं आहे, ते देते: "हिरव्या पुस्तकात पान ३१ वर बाबांना विचारलं होतं. त्यांनी पुस्तक परत पाठवलं आणि काही बोलले नाहीत."

कळलं का मी काय केलंय? तू रोज ते हिरवं पुस्तक वाचतोस हे तिने पाहिलं. तुझ्याशी समोरासमोर बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून तुझ्या पुस्तकात लिहिलं. तू ती पानं पुन्हा उघडली नाहीस, सराव "थोडा थोडा" केलास आणि घाईत बांधलंस. आणि मी एका दुपारी तुझ्या मुलीची सगळी पत्रं पुसून टाकली, वर तुलाच रागावले. नियम चांगला होता रे. पण माझ्या रबराने तुमच्या घरात केवढा घोळ घातला!

मग मी हिरवं पुस्तक खणातून काढलं. पेन्सिल पुसली तरी दाब राहतो. पान खिडकीशी तिरकं धरलं तर खोलगट रेघा दिसतात. पोर जोर देऊन लिहिते, ते बरं झालं. पान ३१ चा छापील सराव असा आहे: "समोरच्या माणसाला काय हवं आहे याचा अंदाज बांधू नका. त्यालाच विचारा." त्याखाली मला एवढं लागलं: "बाबा, मग विचारा ना." आणि खाली, तुटक तुटक: "लिफ्टच्या कोर्सचा अर्ज... अठरा पूर्ण नाहीत म्हणून तुमची सही... आठ जुलैपर्यंत... वर्कशॉपमध्ये हसलात तसं हसू नका."

गणितं प्रवेशपरीक्षेची असणार.

जानेवारीत कुलूप कशामुळे लागलं हे तुला कळत नव्हतं, आणि तूच ते मला हसत हसत लिहून कळवलं होतंस. मीही ते वाचून पुढे गेले, तेव्हा तुला एकट्याला बोल लावत नाही.

हिरवं पुस्तक सोबत आहे. पान ३१ उजेडात तिरकं धरून तू स्वतः वाच. फोनवर कुणाकडून सांगितलं नाही ते यासाठीच. तू मला वाचायला काय काय सुचव म्हणाला होतास, तर हे सुचवते. पुस्तकाला मुदत नाही.

तुझी ताई

२७ जून

मुंगी,

ही चिठ्ठी तुझ्या मैत्रिणीच्या आईच्या हाती देतो आहे. आत यायचा धीर झाला नाही.

पान ३१ मी आज वाचलं. पेन्सिलीचं. तू लिहिलंस तेव्हा मी ते पाहिलंच नव्हतं, आणि आत्याने चष्मा काढून पुसलं. तिला वाईट वाटतंय, तिला रागावू नकोस. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. कदाचित पुन्हा हसलो असतो. म्हणून आधी हसण्याबद्दल सांगतो.

तू वर्कशॉपमध्ये म्हणालीस, मी लिफ्टचं काम शिकणार, तेव्हा बाकीचे गंमत म्हणून हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो, कारण मी घाबरलो होतो आणि सगळे बघत होते.

तुला उंच काका आठवतो? माझा जोडीदार. तुला खांद्यावर बसवून छताला हात लावायला द्यायचा. तू नऊ वर्षांची असताना मी तुला सांगितलं की त्याची बदली झाली. तू बरेच दिवस विचारत होतीस, काका पत्र का लिहीत नाही.

त्याची बदली झाली नाही. आम्ही दोघं लिफ्टच्या टपावर उभं राहून काम करत होतो. तिथे कमरेचा पट्टा हुकात अडकवल्याशिवाय उभं राहायचं नाही, हा पहिला नियम. तो म्हणाला, माझा पट्टा खाली राहिला, घेऊन येतो. मी म्हणालो, दोन मिनिटांचं काम आहे, सोड. तो सोडून कामाला लागला. लिफ्टच्या खड्ड्यात सहा मजले खाली पडला. मुंगी, मीच "सोड" म्हणालो होतो. हे मी तुझ्या आत्यालासुद्धा सांगितलेलं नाही. आजवर कुणालाच नाही.

तेव्हा आपल्या घरात खोटं कोण बोलत होतं, ते तुला कळलं. मी तुझ्यापुढे पुस्तक धरून तुला खोटी म्हणालो. तुझी गणितं खरी होती. माझं चुकलं, आणि फार वाईट चुकलं.

सही करीन की नाही ते या चिठ्ठीत लिहीत नाही. कागद समोर आला की मला तो खड्डा दिसणार, आणि हो म्हणून मग फिरलो तर ते आणखी एक खोटं होईल. पण पान ३१ वर जे करायला सांगितलंय ते करायची माझी तयारी आहे. तुला काय हवंय ते मला सांग. कितीही वेळ लागू दे. मी मधे बोलणार नाही, कोपराला हात लावणार नाही. तुझे डोळे कुठे जातात ते बघणार नाही, हवं तर पाठ करून बसतो.

घरी ये गं. नाही यावंसं वाटलं तर सांग, मीच तिकडे येतो आणि जिन्यात बसतो.

बाबा

९ जुलै

आत्या,

तुझी तिन्ही पत्रं बाबांनी मला वाचायला दिली, त्यांनी तुला लिहिलेल्या पत्रांचे कच्चे खर्डेही सगळे दिले. मी सोफ्याचं वाचून हसले आणि वर्कशॉपचं वाचून पुन्हा चिडले, मग उंच काकाची आठवण येऊन रडले. एका दुपारी तिन्ही झालं.

रबराबद्दल मी रागावलेली नाही. मी समोर बोलायला हवं होतं हे मलाही कळतं. पण आत्या, एकदा सगळ्यांसमोर हसल्यावर परत तेच वाक्य तोंडातून निघत नाही. लिहिताना निघतं. शंकांचं पुस्तक तुझ्याकडेच आहे ना? त्यातलं आता पूस. चष्मा लावून पुसलंस तरी चालेल. दुसरं प्रकरण मला फार आवडलं, डोळ्यांचं. ते बाबांनी आता दोनदा वाचलंय आणि कामावर सगळ्यांना ऐकवतात.

चिठ्ठी मिळाली त्याच संध्याकाळी मी घरी गेले. तुला खोटं वाटेल, पण बाबा खरोखरच पाठ करून बसले. भिंतीकडे तोंड, हात मांडीवर. मी पाच मिनिटं त्यांच्या पाठीशी बोलले, मग मलाच कसंतरी वाटायला लागलं. म्हटलं, बाबा, वळा. वळले तर डोळे लाल. मग मी सगळं सांगितलं. मला टेबलखुर्ची नको आहे, मला चाकं आणि दोर आवडतात, हे मला तुमच्याकडूनच आलंय, आता तुम्हीच नको म्हणालात तर मी हे कुठे नेऊन ठेवू? दीड तास बोलले. ते मधे एकदाच बोलले, "पाणी देऊ का?"

सही मात्र लगेच केली नाही. दोन तारखेला मला कामावर घेऊन गेले. मला पट्टा बांधायला लावला, सोडायला लावला, परत बांधायला लावला, अकरा वेळा. मी म्हटलं, बाबा, आता जमलं. ते म्हणाले, आणखी एकदा. मग टपावर उभं केलं आणि खाली बघ म्हणाले. खाली खूप अंधार होता आणि गार वारा येत होता. त्यांनी विचारलं, भीती वाटते का? मी म्हटलं, हो, फार. "मग ठीक आहे," म्हणाले, आणि मला खाली उतरवलं. येताना बसमध्ये उंच काकाच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की आमचा स्टॉप गेला.

सही सहा तारखेला स्वयंपाकघरात केली. आधी दोनदा हात धुतले, मग पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. मी दुसरीकडे बघत राहिले. परीक्षा माझी आधीच झाली होती, बरी गेली, तुला सांगायचं राहिलं.

सात तारखेला अर्ज घेऊन संस्थेत गेले. खिडकीतल्या बाईंनी बाबांच्या ओळखपत्राशी सही ताडून बघितली आणि अर्ज परत सरकवला. म्हणाल्या, "ही तुझ्या वडिलांची सही नाही. मुली असल्या सह्या स्वतःच मारतात, मला रोज दिसतं." मी शपथा घेतल्या. त्या म्हणाल्या, वडिलांना घेऊन ये, उद्या शेवटचा दिवस आहे.

काल बाबा कामावरून तसेच आले, अंगावर कामाचे कपडे, बाह्यांना तेल. मला वाटलं, आता यांना विचार करायला आणखी एक रात्र मिळाली होती, आता हे नाही म्हणणार. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. बाईंनी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला, त्या वेड्यावाकड्या सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही तुमचीच सही आहे का?"

"माझीच," बाबा म्हणाले. "घाबरत केली होती. द्या, परत करतो."

तुझी
मुंगी